पोवळ्याचं बेट, लांबून

शिक्षकानं वर्गात कधीही खोटं बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी एकोणीस वर्षं वर्गात मांडत आलो, आणि त्याच एकोणीस वर्षांत दर ऑगस्टमध्ये एकदा खोटं बोलत आलो.

ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा दहावीच्या भूगोलातला सातवा धडा येतो. 'उष्ण कटिबंधातील सदाहरित वने व प्रवाळ बेटे.' धडा उत्तम आहे. त्यात झाडांचे चार मजले आहेत, रोज पडणारा पाऊस आहे, समुद्राच्या तळाशी पोवळ्याच्या किड्यांनी बांधलेली रंगीत नगरं आहेत. हा धडा मी सोलापुरात शिकवतो. आमच्याकडे पाऊस आला, तर मुलांना तो पाहता यावा म्हणून तास सोडावा लागतो. मी स्वतः पूर्वेला अक्कलकोट आणि पश्चिमेला, बी.एड.च्या निमित्तानं, पुणे गाठलेला माणूस. जंगल म्हणजे माझ्या लेखी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठची झाडं, आणि समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग.

दर वर्षी एखादा मुलगा विचारायचा, "सर, तुम्ही पाहिलंय हे?"

मी फळ्याकडे वळून म्हणायचो, "हो. लांबून."

सोलापुरातून कुठलंही बेट लांबच असतं. त्यामुळे हे खोटं मी अर्धंच धरत असे.

त्र्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये मात्र हा प्रश्न दाक्षायणीनं विचारला. दाक्षायणी ही आमच्या भवानी पेठेतल्या शेजाऱ्याची, चादरीचे व्यापारी चनबसप्पा यांची मुलगी. एकोणीस वर्षांत दुसरा प्रश्न विचारणारी ती पहिली.

"लांबून म्हणजे कुठून, सर?"

"बोटीतून."

"पण ते पाण्याखाली असतं ना? मग बोटीतून लांबनं कसं दिसलं?"

तास संपायला अठरा मिनिटं होती. मी घसा साफ केला, खडू मोडला, आणि शिक्षकी पेशातलं सर्वांत धोक्याचं वाक्य बोललो. "ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळायचं नाही."

"मग दाखवा की, सर."

चौतीस माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "दाखवू."

शाळा सुटून मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. चनबसप्पा ओट्यावर वाट पाहत उभेच होते. "काय मास्तर, समुद्राला निघालाय म्हणे? आमची पोरगी सांगत होती, तुम्हाला तिथली सगळी माहिती हाय. पाहून आलाय म्हणे."

"लांबून," मी म्हणालो.

"मग तर झालंच की! आता जवळनं बघा."

माझ्या सौभाग्यवतींनी आतून फक्त भांडं जरा जोरात ठेवलं. लग्नाला सतरा वर्षं झाल्यामुळे मी काय काय पाहिलेलं नाही, याची त्यांना पूर्ण कल्पना आहे. तेव्हा प्रश्न आता सहलीचा उरला नव्हता. दाक्षायणीनं पुढचा प्रश्न विचारायच्या आत एक तरी पोवळं मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. नाहीतर या पेठेत 'मास्तर' या शब्दाचा उच्चार लोक वेगळ्या सुरात करू लागले असते, आणि माझं घर तर भाड्याचं नसल्यामुळे बदलताही आलं नसतं.

आमचे हेडमास्तर शिवयोगी सर सावध गृहस्थ. शाळेला आग लागली तरी ते आधी आगीचा अर्ज मागतील. मी बेत सांगितला. दिवाळीच्या सुट्टीत होटगीवरून छोट्या गाडीनं हुबळी, पुढं शिमोगा, तिथून बसनं आगुंब्याचं जंगल; मग खाली गाड्या बदलत बदलत रामेश्वराच्या अलीकडचं मंडपम, तिथं समुद्रात पोवळी. ते 'रामेश्वर' या शब्दावर थांबले, डोळे मिटून हात जोडले, आणि म्हणाले, "कागदावर आणा. आणि हो, अंगठीपुरतं एक पोवळं माझ्यासाठी. मंगळाचं आहे जरा."

कागद वरच्या कचेरीत गेला आणि शेरा घेऊन परत आला: 'जिल्ह्यात सदर प्रकारची वने उपलब्ध नसल्याबाबत दाखला जोडावा.'

ज्या कचेरीत हा दाखला मिळणं शक्य होतं, तिथला कारकून म्हणाला, "जंगल आहे असा दाखला आम्ही देतो. नाही असा देत नाही." मी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला त्यानं लिहून दिलं: 'जिल्ह्यात सदाहरित वने असल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आलेले नाही. आल्यास कळविण्यात येईल.'

दुसरा शेरा आला: 'प्रवाळ पाण्याखाली असल्याचे अर्जात नमूद आहे. पाहतेवेळी विद्यार्थी कोठे उभे राहणार, याचा खुलासा व्हावा.' मी लिहिलं, बोटीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. खाली लाल शाईत एकच अट होती: 'बोटीत कोणीही उभे राहू नये.' मी हसलो. माणसानं लाल शाईला हसू नये, हे मला पुढं मंडपमला कळलं.

परवानगी मिळताच पेठेतला प्रत्येक माणूस समुद्राचा जाणकार झाला. कोणी सांगितलं, समुद्राकडे पाठ करून जेवू नका. कोणी सांगितलं, तोंड करून जेवू नका. चनबसप्पांनी छत्तीस चादरी आणून टाकल्या. "जंगलात थंडी असतीय. आणि लोकांनाबी कळू दे, सोलापूरहून आलेत म्हणून." एक चादर मी उचलून पाहिली. तिच्यात आणि सतरंजीत फरक एवढाच होता, की सतरंजी हलकी असते.

शिवाय त्यांची एक अट होती. दाक्षायणीला पाठवायचं, तर सोबत तिची आजी येणार.

आजी म्हणजे ईरम्मा. वय सत्तरीच्या आसपास, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, कंबरेला तंबाखूची चंची. बोलताना त्या मराठीत सुरुवात करून कानडीत संपवत, आणि रागावल्या की उलट. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, पोरं खाणार काय?"

"तिथं भात मिळतो, आजी."

"अय्यो शिवने! भात? आजारी हायत काय पोरं? मी कडक भाकरी करून देते. वर्षभर ठेवा, काय होत न्हाय. माझ्या भाकरीला आजपतोर बुरशी बघितलेला माणूस जन्मला न्हाय की."

हे खरं होतं. ईरम्मांची बाजरीची, तीळ लावलेली कडक भाकरी पापडासारखी वाजते. तिची ख्याती पेठेबाहेर दूरवर होती. दहा दिवस चार घरच्या चुली पेटल्या. आठशे भाकरी पोत्यांत भरल्या आणि दोन डबे शेंगाची चटणी झाली. आमचा शाळेचा शिपाई जोतीराम व्यवस्थापक म्हणून येणार होता. तो मंगळवेढ्याकडच्या कोरड्या गावचा. त्यानं पोती हलवून पाहिली आणि समाधानानं म्हणाला, "मैनाभर वेढा पडला तरी भ्या न्हाय."

निघालो त्या दिवशी निम्मी पेठ स्टेशनवर होती. मला तीन हार पडले. तिसरा हार गळ्यात पडताना गर्दीत कोणीतरी दुसऱ्याला सांगत होतं, "मास्तरचं काय, त्यांनी आधीच पाहिलंय. पोरांसाठी चाललेत." माझा ऊर भरून आला. त्यात अभिमान किती आणि धसका किती, ते गाडी सुटल्यामुळे कळलं नाही.

आगुंब्याला बस थांबली ती पावसात. ऑक्टोबर संपत आला होता, तरी पाऊस असा पडत होता, जणू त्याला कोणी वेळापत्रक दिलेलंच नाही. गेल्या वर्षीच्या दुष्काळात टँकरमागं घागरी घेऊन धावलेली माझी मुलं क्षणभर दारातच थिजली. मग एकदम सगळी खाली उतरली आणि आ वासून आभाळाकडे बघत रस्त्यावर नाचू लागली. मीही ओरडलो, "अरे, भिजू नका!" आणि छत्री मिटून त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. समोर झाडं होती. चार मजली! मी मोजली. अगदी पुस्तकात आहेत तशी, एकावर एक. वेली होत्या. पुस्तक खरं बोलत होतं, आणि म्हणजे निदान अर्ध्या धड्यापुरता मी पण.

जोतीराम मात्र भिजत नव्हता. तो पागोळ्यांखाली उभा राहून तळमळत होता. "सर, ह्ये पानी असं वायाच चाललंय की!"

आम्ही उतरलो त्या बंगल्यातल्या सगळ्या बादल्या, पातेली, घंगाळं त्यानं पागोळ्यांखाली लावली. भरली की आत आणून ठेवायची, आणि रिकामी बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यात पाऊल टाकायला जागा नव्हती. आम्ही उंबऱ्यावरून उंबऱ्यावर उड्या मारत हिंडत होतो. बंगल्याचा राखणदार हा प्रकार बघून ईरम्मांना कानडीत काहीतरी म्हणाला. ईरम्मांनी त्याला लांबलचक उत्तर दिलं. त्यानंतर त्या माणसानं मान खाली घालून स्वतःची घागरही आणून दिली. काय सांगितलं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या गावचं सांगिटलं."

चादरींचं म्हणाल, तर त्या पहिल्याच रात्री दमट झाल्या, आणि वाळणं ही क्रिया त्या गावात अस्तित्वातच नसल्याचं दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. ओली चादर दोघांनी उचलावी लागे. तशा छत्तीस होत्या.

मग जंगलात पदयात्रा. पुढं मी, झाडांचे मजले दाखवत. तिसऱ्या मजल्याशी आलो तोच मागून किंकाळी आली. मुलींच्या पायांना काळं, लांबट काहीतरी चिकटलं होतं. जळवा! धड्यात जळवा नव्हत्या. पुस्तक लिहिणाऱ्यानंही ते जंगल लांबूनच पाहिलं असावं, असा मला दाट संशय आला. ओढल्या तर निघेनात. एक माझ्या पोटरीवर होती, आणि मी भूगोलाचा शिक्षक असून एका पायावर उडत होतो.

"सरका बाजूला," ईरम्मा म्हणाल्या, आणि त्यांनी जोतीरामाच्या खांद्यावरच्या डब्यातून मूठभर शेंगाची चटणी काढून माझ्या पोटरीवर चोळली. मीठ आणि लाल तिखट. जळू तत्काळ सुटून पडली. मीही जवळजवळ तसाच पडलो. त्यानंतर चौतीस मुलांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चटणी लावण्यात आली. सोलापूरच्या त्या चटणीपुढं जंगलातल्या एकाही जळवेची पुन्हा हिंमत झाली नाही. मुलांचे पाय पुढं दोन दिवस चुरचुरत होते, पण सगळी आनंदात होती. वास मात्र असा येई, की भूक लागावी.

आणि भूक लागली, तेव्हा पोती उघडली.

भाकरी वाजली नाही. ती वाकली. ओल्या चामड्यासारखी दोन बोटांवरून खाली लोंबली. ईरम्मांनी दुसरी काढली, तिसरी काढली, पोत्याच्या तळाशी हात घातला. तळाच्या भाकरीवर हिरवी, मऊ, दाट लव उगवली होती, आणि त्या लवेत उंच वाढलेले पांढरे कोंब होते. एका मुलानं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "सर, दोन मजले झालेत."

कोणीही हसलं नाही. ईरम्मांचं तोंड बघून हसणं शक्यच नव्हतं.

त्या उठल्या, राखणदाराशी बोलल्या आणि अर्ध्या तासात त्याच्या घरून गरम भात आणि सार आलं. मुलं तुटून पडली. ईरम्मा जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्या व्हरांड्यात बादल्यांच्या मधे बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो.

"मास्तर, मी खोटी पडले की," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं सांगत आले, माझ्या भाकरीला काय होत न्हाय म्हणून. मी सोलापूरच्या बाहेर नेलीच कुटं होती तिला?"

पाऊस पडत होता. म्हातारीच्या आवाजात असं काहीतरी होतं, की माझ्याही तोंडून निघून गेलं, "आजी, मीही खोटाच आहे. पोवळी मी पाहिलेली नाहीत. समुद्रसुद्धा पाहिलेला नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तंबाखूची चिमूट गालात सारली. "लांबनं पण न्हाय?"

"लांबूनही नाही."

"यप्पा!" त्यांनी चंचीची दोरी ओढून बांधली. मग म्हणाल्या, "मी कुणाला सांगत न्हाय. पण तितं गेल्यावर बघून घ्या. नीट. सगळ्यांच्या आधी."

मंडपमला पोचेस्तोवर आम्ही आठ गाड्या बदलल्या, आणि प्रत्येक ठिकाणी छत्तीस ओल्या चादरी उतरवल्या आणि चढवल्या. समुद्र दिसला तेव्हा सकाळ होती. मुलं इतका वेळ गप्प राहिल्याचं मी वर्गात कधी पाहिलं नाही. जोतीराम पुढं गेला, ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकली. वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू ते मीच केलं असावं. "एवढं सगळं पानी, आन् खारट?"

कोळ्याची बोट लहान होती, एका फेरीत आठ जण. त्याच्याकडे एक पत्र्याचा चौकोनी डबा होता. त्याच्या बुडाला काच बसवलेली. डबा पाण्यावर टेकवायचा आणि वरून डोकं घालून पाहायचं. पहिली फेरी निघाली तेव्हा दाक्षायणी म्हणाली, "सर, तुम्ही आधी जा."

ईरम्मांनी मला कोपर मारलं.

पण माझ्या हातून एकोणीस वर्षांच्या सवयीनं तेच घडलं. "छे, छे," मी हात हलवून म्हणालो, "तुम्ही बघा. मी पाहिलेलंच आहे."

मी काठावर उभा राहिलो. एकेक फेरी परत आली. मुलं किनाऱ्यावर उतरायच्या आधीच बोलू लागत. हरणाच्या शिंगांसारखं! मेंदूसारखं! सर, पिवळे मासे! सर, एक फूल होतं, त्यानं हात आत घेतले! मी मान डोलवत होतो आणि आतून उकळत होतो.

शेवटच्या फेरीत मी, दाक्षायणी, ईरम्मा आणि पाच मुलं. वारा वाढला होता. कोळ्यानं बोट थांबवली, डबा पाण्यावर टेकवला आणि मला खूण केली. एकोणीस वर्षांनी माझी पाळी आली होती. घाईघाईनं डब्याकडे जाण्यासाठी मी बोटीत उभा राहिलो.

लाल शाई मला त्याच क्षणी आठवली. लाट आली, जोतीरामानं दिलेली घोंगडीसारखी चादर खांद्यावरून घसरली, मी वाकलो, आणि माझा उणे सहा नंबरचा चष्मा नाकावरून उठून अत्यंत शांतपणे समुद्रात गेला.

मी डब्यात डोकं घातलं. खाली काहीतरी तपकिरी होतं. काहीतरी पिवळसरही असावं. कोणी ते रंग कालवलेलं पाणी आहे असं सांगितलं असतं, तरी मी मान्य केलं असतं.

"सर, सरका जरा," दाक्षायणी म्हणाली. तिनं पाहिलं आणि ओरडली, "सर, दिसला!"

"काय?"

"चष्मा! पोवळ्यावर बसलाय. अगदी नीट. काड्या उघड्या आहेत." मग थोडं थांबून, "सर, एक निळा मासा आलाय. तो तुमच्या चष्म्यातून बघतोय."

ईरम्मांनी कपाळावर हात मारून घेतला. चष्मा काढता येईल का, असं कोळ्याला खुणेनं विचारलं. त्यानं पाण्याची खोली दाखवली आणि वाऱ्याकडे बोट करून मान हलवली.

मी फळीवर बसलो. समुद्र धूसर, मुलं धूसर. आणि मला वाटलं, आता पुरे. "दाक्षायणी," मी म्हणालो, "खरं सांगतो. हे मी पूर्वी कधीच पाहिलेलं नाही."

डब्यातून डोकं न काढता ती म्हणाली, "माहीत आहे, सर."

"कसं?"

"आगुंब्याहून निघताना आजीनं सांगितलं. कुणाला बोलू नको म्हणाली."

मी ईरम्मांच्या दिशेला, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या धूसर दिशेला पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी एकटीलाच सांगिटलं की."

"आणि तू कोणाला सांगितलंस?" मी दाक्षायणीला विचारलं.

"एकीलाच, सर."

"एकूण किती जणांना माहीत आहे?"

बोटीतली पाचही मुलं एकदम म्हणाली, "सगळ्यांना."

"म्हणून तर आधी जा म्हटलं. नाही गेलात, तेव्हा तुमची फेरी शेवटी ठेवली," दाक्षायणी म्हणाली. "घाई नको, सरांना हवा तेवढा वेळ बघू दे म्हणून. कोळ्याला आम्ही तसं सांगून ठेवलं होतं. आजी बोलली त्याच्याशी, हातवारे करून."

मी नाकावर नसलेला चष्मा वर सरकवला.

मग त्या मुलीनं पुन्हा डब्यात डोकं घातलं आणि सावकाश, ओळीनं सांगायला सुरुवात केली. डावीकडे काय, उजवीकडे काय, कुठला आकार, कुठला रंग. मधे म्हणाली, "सर, तुम्ही लाल सांगितलं होतं. लाल नाही. तपकिरी आहे, आणि टोकाला जांभळं." मी म्हणालो, "बरं." अर्धा तास बोट हलत होती, ती सांगत होती आणि मी डोळे मिटून ऐकत होतो. मला सगळं दिसलं.

परतीच्या आठ गाड्या मी ईरम्मांचं बोट धरून बदलल्या. हेडमास्तरांसाठी पोवळं मिळालं नाही. तिथले लोक मेलेल्या पोवळ्याचा चुना भाजतात, असं कळलं. मग मी त्यांना एक शंख दिला. त्यांनी त्याची पोच दिली. ईरम्मा हल्ली पेठेत भाकरी देताना सांगतात, "वर्षभर राहतीय. पण आगुंब्याला नेऊ नका." नवा चष्मा मी स्टेशन रोडवर करून घेतला.

पुढच्या ऑगस्टची मी अशी वाट पाहिली, जशी कधी दिवाळीचीही पाहिली नव्हती. नव्या दहावीतून कोणीतरी विचारणार होतं, "सर, तुम्ही पाहिलंय?" उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं: नाही, मी पाहिलेलं नाही, पण माझा चष्मा तिथं आहे, आणि तो अजून पाहतो आहे.

जूनमध्ये अभ्यासक्रम बदलला आणि नवं पुस्तक आलं. त्यात सातवा धडा 'अवर्षणग्रस्त प्रदेश' हा आहे. सोबत सोलापूरचा फोटो आहे.